होडीतला ट्रान्झिस्टर
जुन्या सेलचा वास आला की नारळी पौर्णिमेनंतरचा तो तिसरा दिवस आठवतो. सुट्टी संपवून कोकणातल्या गावाहून नोकरीवर चंडीगडला परत निघताना, पेटलेल्या पंजाबातल्या कर्फ्यूच्या बातम्या ऐकायला म्हणून मी धाकट्या भावाचा ट्रान्झिस्टर मागितला. हवामान ऐकायला तो होडीत ठेवायचा. खरं तर चंडीगडला मला नवा सहज मिळाला असता. "ने रे दादा, तुमच्याकडे गोळ्या चालतात. मला वारा नाकाने कळतो," तो हसून म्हणाला. मी गावाहून निघाल्याच्या बाराव्या दिवशी त्याच रेडिओवर मी ऐकलं, की कोकण किनाऱ्यावर वादळ आहे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. तार करायची, तर बाहेर कर्फ्यू. उलटलेल्या होडीला धरून भाऊ नऊ तासांनी किनाऱ्याला लागला. होडीतला त्याचा जोडीदार लागला नाही. पुढच्या पत्रात भावाने एवढंच विचारलं, "तुमचा कर्फ्यू उठला का?" मी "उठला" असं कळवलं. रेडिओ आजही माझ्याच कपाटात आहे.