नरहरीचा दुपारचा नेम

दुपारचे बारा वाजले की नरहरी पुजारी अस्वस्थ व्हायचा. समोर ताट वाढलेलं असो, नाहीतर प्राध्यापक फळ्यावर लिहीत असो, त्याची नजर माणसं शोधू लागे. कुणाच्या तरी हातावर अन्न ठेवल्याशिवाय तो स्वतः घास घेत नसे. ही पुण्य जमवायची हौस असती तर मला समजली असती. पुण्य जमवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती बहुतेक स्वतः जेवून झाल्यावर जमवतात. नरहरीचं तसं नव्हतं. तो गाणगापूरचा होता, एवढंच.

गाणगापुरात अशी समजूत आहे की दत्तमहाराज रोज दुपारी बाराला गावात भिक्षेला येतात. कोणत्या रूपानं येतील ते सांगत नाहीत. त्यामुळे त्या वेळी लांबून आलेले सावकार आणि अंमलदारसुद्धा गळ्यात झोळी अडकवून पाच घरं मागतात, आणि पुजाऱ्यांच्या दारातून कुणाला रिकामं जाऊ देत नाहीत. देणारा मागणाऱ्याला वाकून नमस्कार करतो, कारण काय सांगावं. नरहरी म्हणायचा, “बाराला आलेल्याला परत लावायचं न्हाई बघ. देव असला तर पंचाईत. आन् नसला तर त्याला भूक लागलेली असती.”

तो तिथल्या पुजारी घराण्यातला. देवळातली पूजा घराण्यांमध्ये पाळीपाळीनं फिरते. नरहरीच्या घराची सेवा माघ महिन्यात येई. तिथल्या पादुकांवर पाणी घालत नाहीत, सुगंधी गंधाचा लेप चढवतात. तो हातानं चढवायचा अधिकार फक्त पुजाऱ्यांचा. बाकीच्यांनी, मग ते कितीही मोठे असोत, भिंतीतल्या लहानशा झरोक्यातून पाहायचं. मुंज झाल्यापासून नरहरी ती सेवा करत होता. त्यात काय वाटतं असं मी एकदा विचारलं. मला काहीतरी दिव्य ऐकायला मिळेल अशी भीती होती. तो म्हणाला, “गार असतंय. थंडीत बोटं बधिर व्हत्यात. पन दुसऱ्या दिवशीपर्यंत हाताला वास ऱ्हातो. लई बरं वाटतं.”

आम्ही हैदराबादला एकाच वसतिगृहात होतो. पुढे मी वकिली शिकायला लंडनला गेलो आणि पाठोपाठ तोही सरकारी वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून अध्यापनाचं शिक्षण घ्यायला आला. निघताना त्याच्या आईनं एकच वचन घेतलं, दुपारच्या नेमाचं. सेवेचा प्रश्न चुलतभाऊ अनंतभट यानं सोडवला. अनंतभट नरहरीपेक्षा वयानं मोठा आणि आवाजानं त्याहून मोठा. “तू जा रे नऱ्हऱ्या बिनघोर. तुझी सेवा मी सांभाळतो,” असं तो म्हणाला. अनंतभटाकडे एकदा सांभाळायला दिलेली वस्तू परत मागायला जरा अवघड जाई, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. नरहरीलाही माहीत होतं. पण आगगाडीचं तिकीट काढून झालं होतं.

लंडनमध्ये त्याचा नेम घरमालकिणीच्या मांजरावर भागत असे. दत्तानं मांजराचं रूप घेतल्याचं पोथीत कुठं आहे, असं मी विचारलं. “घेतलं न्हाई असंबी कुठं लिहिलेलं न्हाई,” तो म्हणाला. त्या वर्षी नाताळात बाई बहिणीकडे गेल्या आणि मांजरही घेऊन गेल्या. आम्हीही मग युरोप पाहायला निघालो.

पॅरिसला काही अडचण आली नाही. तिथल्या मोठ्या देवळाच्या पायऱ्यांवर मागणारे होते, आणि ते बारापर्यंत थांबत होते. आत एक वाटाड्या आम्हाला चिकटला. काळा डगला, हळू आवाज, डोळे मात्र आमच्या पायांकडे. नरहरी खूश झाला. “हा आमच्यातलाच की रे! बुटावरनं यजमान कसा वजन करायलाय बघ. आता तो आपल्याला एका कोपऱ्यात नेईल आन् सांगंल, हे समद्यांना दावत न्हाईत म्हनून.” वाटाड्यानं आम्हाला एका कोपऱ्यात नेलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि हे सर्वांना दाखवत नसल्याचं सांगितलं. नरहरीनं मान डोलावून त्याचं कौतुक केलं. पुढच्या राजवाड्यात, चित्रशाळेत आणि राजांच्या थडग्यांपाशीही त्याचं हेच चाले. इमारत मी पाहायचो. तिथं यात्रेकरूला कसं उभं करतात, कुठं वळवतात आणि कुठं उसासा टाकायला लावतात, ते तो पाहायचा. मला वाटतं, त्याला युरोप माझ्यापेक्षा जास्त कळला.

खरा प्रसंग ओढवला बर्नला. स्वित्झर्लंडसारखा नीटनेटका देश मी पाहिला नाही. बर्फसुद्धा रस्त्याच्या कडेला रचून ठेवलेलं. बारा वाजले आणि आमच्या लक्षात आलं की या गावात कुणी मागणारंच नाही. नरहरीच्या हातात पाव आणि चीज होतं. माझ्याही होतं, पण आम्ही एकत्रच जेवत असू आणि त्याला सोडून खाणं मला अवघड वाटे. त्यानं एका बाकावर बसलेल्या म्हाताऱ्याला पाव पुढे केला. म्हाताऱ्यानं आपलं पाकीट काढून दाखवलं, म्हणजे आपल्याला कमी नाही. मग एक पोलीस आला. नरहरीनं त्यालाही देऊ केला. त्यानं आमचे पासपोर्ट पाहिले.

“मांजर बघू या का?” मी म्हणालो.

“या गावात मांजरं घराबाहेर पडतात का न्हाई कुणाला ठाव.”

एक कुत्रा दिसला. बरोबर मालकीण होती, परवानगीही दिली. कुत्र्यानं पाव हुंगला, मालकिणीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्याला परक्याच्या हातचं चालत नसावं. एकूण सोवळं आमच्याकडेच असतं असं नाही.

नदीच्या पुलावर वारा असा होता की कान आहेत की गेले ते चाचपून पाहावं लागे. नरहरी म्हणाला, “तू खा रे वकीला. माझा नेम हाय, तुझा न्हाई. तू कामून उपाशी मरायलास?”

मी माझा पाव खिशात ठेवला, हात पुढे केला आणि म्हणालो, “ॐ भवति भिक्षां देहि.”

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. हातमोजे काढून त्यानं आपल्या पावाचा अर्धा तुकडा दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवला आणि पुलावर, येणाजाणाऱ्यांच्या देखत, वाकून मला नमस्कार केला. मग उरलेला तुकडा चघळत म्हणाला, “तू म्हनलास म्हनून तू देव झालास असं न्हाई हां. पन आपुन कोन ठरवनार?”

त्या सुट्टीतले उरलेले दिवस देवाचं काम माझ्याकडे होतं. व्हेनिसच्या पाण्यातल्या गल्ल्या पाहून तो म्हणाला, “आमच्या संगमाला पूर आला की असंच दिसतंय. फक्त आमी त्याला बघायला लोक बोलवत न्हाई.” मग रोम आलं. तिथल्या प्रचंड देवळात एका संताची ब्राँझची बसलेली मूर्ती आहे. शेकडो वर्षं लोकांनी हात लावून आणि ओठ टेकून तिचा पाय इतका झिजवला आहे की बोटं वेगळी कळत नाहीत. एक म्हातारा सेवक फडक्यानं तो पाय पुसत होता. बाहेरचे खांब, घुमट, पोपचा थाट, यांतलं काहीही पाहायचं सोडून नरहरी त्या म्हाताऱ्यापाशी उभा राहिला.

“त्याची पाळी असंल आज,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, “आमच्याकडं माघात अनंतण्णा नीट करत असंल का रे? त्याचं गंध जरा जाड ऱ्हातं.”

तो परत आला तेव्हा मी गुलबर्ग्याला वकिली करत होतो. माघ जवळ आला, आणि पुजाऱ्यांनी बैठक बोलावली. समुद्र ओलांडलेल्या माणसानं पादुकांना हात लावावा का, असा प्रश्न अनंतभटानं काढला होता. प्रश्न सगळ्या गावासाठी होता. ओलांडलेला माणूस गावात एकच होता. मी नरहरीला म्हणालो, “प्रायश्चित्त घे आणि मोकळा हो.” त्यानं प्रायश्चित्त घेतलंही. बैठकीला मीही त्याच्याबरोबर गेलो. बैठकीत वयोवृद्ध बाळंभट म्हणाले, “तिकडं दुपारचा नेम पाळलास का?”

“व्हय आज्जा. एकबी दिवस चुकला न्हाई.”

“कुनाला दिलास?”

नरहरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. सगळे पुजारी माझ्याकडे वळून पाहू लागले. आमच्या बाजूला सर्वांत मोठा धक्का तिथंच बसला, असं माझं मत आहे.

निर्णय झाला तो असा की प्रायश्चित्तानं माणूस शुद्ध होतो, पण हात होतीलच असं नाही. नरहरीनं इतर यात्रेकरूंसारखं झरोक्यातून दर्शन घ्यावं. त्याची सेवा अनंतभट सांभाळतच होता. त्यानं ती पुढेही सांभाळावी. मी दावा लावायची तयारी दाखवली. नरहरी म्हणाला, “देवाला कचेरीत कामून वढायलास? त्यो येनार बी न्हाई, आन् तारीख पडंल.”

त्याच्या हातांचं काय करावं ते मात्र त्याला कळेना. बोलता बोलता तो बोटं नाकाशी न्यायचा आणि खाली घ्यायचा.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता नरहरीनं गळ्यात झोळी अडकवली आणि तो अनंतभटाच्या दारात जाऊन उभा राहिला. “ॐ भवति भिक्षां देहि.” अनंतभट बाहेर आला. मी रस्त्याच्या पलीकडे होतो. त्याचा चेहरा वाचायला वकील लागत नव्हता. पण बारा वाजले होते. त्यानं आतून भात-भाकरी आणली, झोळीत घातली, क्षणभर थांबला, आणि वाकून नमस्कार केला. मग नरहरी बैठकीतल्या आणखी चौघांच्या घरी गेला.

हे रोजचं झालं. त्याला गावातल्याच शाळेत नोकरी मिळाली; दुपारच्या सुट्टीत मास्तर झोळी घेऊन निघत. मी एकदा म्हणालो, “सूड चांगला शोधलास.”

“सूड कशाचा रे? तीच घरं शाळेजवळ पडत्यात.” मग म्हणाला, “आत जाऊ देत न्हाईत, तर दारात तरी उभं ऱ्हावं की नको? लांब कशाला ऱ्हायचं?”

अनेक वर्षं अशी गेली. मग रझाकारांच्या धामधुमीचं साल आलं. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू बंद झाले. पुजाऱ्यांनी बायकामुलं सोलापूरकडे नेली, आणि ती पोचवायला गेलेले पुरुष परत येईनात. दुपारी बाराला गावात कुत्रंही फिरकेनासं झालं. अनंतभट मागे राहिला, कारण देवाला कुणीतरी हवं. आणि नरहरी राहिला. रोज बाराला अनंतभटाच्या दारात येणारा तो एकटाच होता.

एके दिवशी नरहरी आला तेव्हा अनंतभट तापानं फणफणत ओसरीवर पडला होता. पुढचं मला अनंतभटानंच सांगितलं, कोर्टात साक्ष द्यावी तसं. तो नरहरीला म्हणाला, “सकाळपासून पूजा न्हाई झाली. आंघोळ करून आत जा.”

“अण्णा, मी समुद्र वलांडलाय.”

“कुठला समुद्र? मला न्हाई दिसला. जा.”

नरहरी गेला. अनंतभट उठून हिंडू लागेपर्यंत रोज गेला. मग कुणी सांगायच्या आधीच त्यानं जाणं थांबवलं.

राज्य बदललं, पुजारी परतले, यात्रा सुरू झाली. धर्मशाळेच्या छपरावरून काही तंटा होता, त्यासाठी पुजाऱ्यांनी मला बोलावलं होतं. बैठकीत कुणीतरी विचारलं की आम्ही नव्हतो तेव्हा, अनंतण्णा आजारी असताना, पूजा कुणी केली. नरहरी कडेला बसला होता. तो जमिनीकडे पाहू लागला. अनंतभटानं सांभाळून घ्यायचं म्हटलं असतं तर ‘मीच केली’ असं तो म्हणाला असता. कुणी पाहिलेलं नव्हतं.

“नऱ्हऱ्यानं केली,” अनंतभट म्हणाला. “आता देव बाटला असं वाटत असंल, तर दुसरा आना.”

बाळंभटांना आता दिसत नव्हतं. त्यांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

“नरहरी, गंध पातळ उगाळलं होतंस का?”

“व्हय आज्जा.”

“मग माघाची सेवा तुझ्या घरची. बोला, छपराचं काय?”

छपराचं बराच वेळ चाललं. मी दोन्ही बाजू ऐकल्या आणि एकही लक्षात राहिली नाही. नरहरी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्या दिवशीचा तो आठवतो. बैठक उठल्यावर तो बाहेर आला आणि त्याला चपला सापडेनात. त्यानं सगळ्यांच्या चपला उलटसुलट करून पाहिल्या. त्याच्या समोरच होत्या.