अडकलेला अर्ज

देवीदास मेश्राम तेलीबांध्याच्या आमच्या ऑफिसातले कॉम्प्युटर गेली अठरा वर्षं सांभाळतात. मालवाहतुकीचं ऑफिस, चौदा मशीन, कोपऱ्यातल्या खोलीत एक सर्व्हर. मेल जात नसला, कॅलेंडरवर मीटिंग दिसत नसली की सगळे त्यांनाच हाक मारतात. वडील रेल्वेत होते, भंडाऱ्याहून आलेले. देवीदासभाऊ मितभाषी, कामात चोख. म्हणूनच रूपालीची गोष्ट त्यांना इतकी लागली.

रूपाली माल रवानगीचं काम पाहायची. नोकरीला चारच महिने झाले होते, अजून पक्की नव्हती. मार्चमध्ये गोंदियाला तिचे वडील अंथरुणाला खिळले. तिनं बिलासपूरला बसणाऱ्या साहेबांना सुट्टीसाठी फोन केला. ते म्हणाले, "मेल भेजो, देखता हूँ." तिनं सोमवारी मेल लिहिला, सगळ्यांच्या कॅलेंडरवर आपली सुट्टीही टाकली आणि उत्तराची वाट पाहत बसली.

मंगळवारी दुपारी ती देवीदासभाऊंकडे आली. "दादा, माह्या मेलचं उत्तर काहून नाही येऊन राहिलं? जरा मशीन पाहता का?"

भाऊ तेव्हा दुसऱ्याच कामात होते. मान वर न करता म्हणाले, "उत्तर नाही आलं म्हणजे मेल बिघडला असं नसते. साहेब बिझी असतीन."

ती परत गेली. संध्याकाळी तिला साहेबांचं बोलावणं आलं, गुरुवारच्या मीटिंगचं. सुट्टी नाकारली, असं तिनं धरलं. बुधवारी वडील गेले.

शुक्रवारी भनपुरीच्या गोदामातून तक्रार आली की रूपालीनं पाठवलेले ट्रकचे फोटो मिळालेच नाहीत. भाऊंनी तिचं मशीन उघडलं. फोटोंचा तो मेल फार मोठा होता, बाहेर पडता पडता अडकला होता. त्याच्या मागे रांगेत तिचा सुट्टीचा अर्ज होता, सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांचा. कॅलेंडरवरची नोंदही बाहेर गेली नव्हती. सुट्टी फक्त तिच्याच स्क्रीनवर दिसत होती. साहेबांना तिचा तो आठवडा मोकळा दिसला, म्हणून त्यांनी मीटिंग ठेवली. नाही म्हणायचा प्रश्नच आला नव्हता.

भाऊंनी तो अडकलेला अर्ज पुसून टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. घरी सत्यभामावहिनी म्हणाल्या, "सांगून काय होते? तिचा बाप परत येते का?"

"नाही येत," भाऊ म्हणाले. "पण ते पोट्टी दुसऱ्यालेच दोष देऊन राहिली असन."

पंधरा दिवसांनी रूपाली कामावर आली. भाऊंनी तिला सर्व्हरच्या खोलीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. उभ्यानंच, हात मागे बांधून.

"म्हणजे साहेब 'नाही' बोललेच नव्हते?"

"त्यांच्यापर्यंत गेलंच नाही."

ती म्हणाली, "बाबा फोनवर विचारत होते, पोट्टी, तू काहून नाही आली? मी म्हटलं, साहेब सोडत नाहीत." मग ती भाऊंकडे वळली. "मी तुमाले सांगितलं होतं ना, दादा. मंगळवारीच."

"हव," भाऊ म्हणाले.

त्यांनी साहेबांनाही आपली चूक लिहून कळवली. साहेबांचं उत्तर आलं की यापुढे मोठे फोटो मेलनं पाठवू नयेत. बाकी काही नाही.

रूपाली तीन महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलली आणि मग भिलाईच्या ऑफिसात गेली. जाताना सगळ्यांना भेटली. भाऊंच्या खोलीपाशी थांबली, आत मात्र गेली नाही. दार उघडंच होतं. भाऊंनी तिला पाहिलं, खुर्चीतून उठले, आणि ती जिना उतरेपर्यंत तसेच उभे राहिले.