अण्णांचा राजमा

अण्णांनी आयुष्यात एकदाच पाहुण्यांना फसवलं.
तेही माझ्या साखरपुड्यात.

आज अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन एक वर्ष झालं.

अण्णा आचारी. नांदे, नेरे, पिरंगुट, कुठेही लग्न असलं की बासुंदी त्यांचीच.

मग हार्ट अटॅक आला.
डॉक्टर म्हणाले, साखर, तूप, खवा, सगळं बंद.

घरी आले ते भिंतीकडे तोंड करून झोपले.
"गोड खायाचं न्हाई, करायचं न्हाई. मंग मी हाय तरी कशाला?"

लग्नाची कामं सोडली. कढईला हात लावेनात. आई पार घाबरली.

एक दिवस ऑफिसातल्या मैत्रिणीने राजम्याची ब्राउनी दिली. दूध नाही, साखर नाही, नुसता खजूर. मी ती घरी आणली.

अण्णांनी तुकडा तोंडात टाकला आणि चक्क उठून बसले.

"कुणी केलंय हे?"
"माझ्या मैत्रिणीने. आवडली?"
"लई वाईट झालीय. राजमा कच्चा ऱ्हायलाय. उद्या येताना किलोभर घिऊन ये. पांढरा."

झालं! घरात प्रयोग सुरू.

पहिल्या खेपेला उसळीचा वास.
दुसऱ्या खेपेला कढईला चिकटला. आई म्हणाली, "ह्याला फोडणी द्या, भाकरीसंगं खाऊ."

अण्णा हटले नाहीत. राजमा पार मऊ शिजवला, सालं काढली, वाटला. खजूर आणि नारळाचं दूध घालून आटवत बसले. वर वेलची, जायफळ.

अशा वड्या पडल्या की आईने लगेच दुसरी उचलली.

आणि मग म्हणाले, "पोरीच्या साखरपुड्याला ह्याच."

"पावण्यांना कडधान्य वाढणार? लोक तोंडात शेण घालतील!" आई.
खरं सांगते, मलाही धडकी भरली होती.

"कुणाला सांगायचं न्हाई. आधी खाऊ द्या."

पंगत बसली. अण्णा सगळ्यांना सांगत फिरले, "खजुराची वडी हाय."

माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आजोबांनी तिसरी वडी घेतली.
"आचारी, खवा कुठला हो? लई भारी."

अण्णांना राहवलं नाही.
"खवा न्हाई. राजमा हाय."

सगळ्या पंगतीने माना वळवल्या.
माझ्या हातात वाढायचं ताट तसंच.

आजोबांनी वडीकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं.
"मग मला खवा बंद असलेल्याला आधी का न्हाई सांगितलं? वाढा आणखी दोन!"

हशा पिकला. अण्णा तर डोळे पुसत हसत होते.

त्यानंतर लोक बासुंदीच्या जोडीला राजम्याच्या वड्याही सांगायला लागले. अण्णा पुन्हा लग्नाच्या मांडवात उभे राहिले, अगदी शेवटच्या महिन्यापर्यंत.

काल आईने पहिल्यांदा एकटीने वड्यांची ऑर्डर घेतली. पिरंगुटच्या लग्नाची.
फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अगं बया, मी व्हय म्हणून बसले की!"
आणि हसत सुटली.

अण्णा, भरल्या मनाने आणि भरल्या पोटाने तुम्हाला नमस्कार. 🙏