जपानी डबल

आमच्या घरी सध्या दोन माणसांचं पांघरूण आणि दीड माणसाची गादी आहे. दोन्ही जपानी आहेत आणि दोन्ही मीच मागवली आहेत.

रिसोडला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दिवसभर खुर्चीत बसून माझी कंबर धरली, तेव्हा मी डॉक्टरकडे न जाता मोबाईलकडे गेलो. मोबाईलवर एका गृहस्थाने छातीठोकपणे सांगितलं, की जपानी लोक पलंगावर झोपत नाहीत. ते जमिनीवर फुटॉन नावाची गादी टाकून झोपतात, म्हणून त्यांची कंबर दुखत नाही.

हे मी सुनंदाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, सांगितलं. ती पोळ्या करत होती.

"आमची धनजची आत्या जनमभर खालीच झोपली," ती म्हणाली. "तिची कंबर काहून दुखते मंग?"

"ती सतरंजीवर झोपते. फुटॉन वेगळं."

मग मी मापांचा अभ्यास केला. (माणूस अभ्यासाने बिघडतो तो असा.) विलायती डबल बेड रुंदीला साडेचार फूट, क्वीन पाच आणि किंग सव्वासहाच्या थोडा वर. जपान्यांचं सगळं सेंटीमीटरमध्ये. जाहिरातीत 'डबल' या शब्दाखाली ठळक लिहिलं होतं, १९० बाय २१०. मी दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर भाग दिला. सव्वासहा फूट रुंद आणि जवळजवळ सात फूट लांब!

"पाहिलं? त्यांचं डबल म्हणजे इंग्रजांचं किंग," मी म्हणालो. "आपल्या पलंगापेक्षाही मोठं."

"तिकडची घरं लहान असतात म्हणते ना केतकी? एवढी गादी मावते कुठी त्यायच्या घरात?"

केतकी आमची मुलगी, पुण्यात नोकरीला असते. सुनंदाचा हा प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पण उत्तर माझ्याकडे तयार होतं.

"सकाळी घडी घालून कपाटात ठेवतात."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. चूक मी पुढे केली. फुटॉनला जागा हवी म्हणून घरातला सागवानी पलंग मी देऊन टाकला. पलंग सासरेबुवांनी आमच्या लग्नात दिलेला, सहा बाय साडेसहाचा. रिठदला सुनंदाचा भाऊ गजानन शेती करतो, त्याला फोन केला. इतर कामाला बोलावलं तर तो आठवड्याने येतो. पलंगासाठी दुपारच्या आत ट्रॉली घेऊन हजर झाला.

"भाऊजी, तुमी झोपान कायच्यावर?"

मी त्याला पाऊण तास जपान समजावून सांगितला. पलंगाने पाठीचे मणके कसे सरकतात तेही सांगितलं. तो मान डोलवत पलंगाचे पाय सोडवत होता. ट्रॉली वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सुनंदा दारात उभी राहिली.

पार्सल आलं ते पौषाच्या कडाक्यात. आत दोन गठ्ठे, हवा काढून पापडासारखे चपटे केलेले. पिशवी फाडताच पहिला गठ्ठा फुगत, पसरत सगळी खोली व्यापून बसला. पांढराशुभ्र, मऊ. मी टेप लावला, १९० बाय २१० बरोबर भरलं. दुसरा गठ्ठा लहान निघाला, जाड आणि चांगलाच जड.

"अन् हे कायचं?" सुनंदाने विचारलं.

"पांघरूण."

"पांघरूण एवढं टणक?"

"जपानात बर्फ पडतो. तिथं आपल्या गोधडीने भागत नाही."

त्या रात्री आम्ही जपानी पद्धतीने झोपलो. खालचं इतकं मऊ होतं, की फरशी सरळ हाडांशी बोलत होती. वरचं मात्र अंगावर पोतं टाकावं तसं पडलं होतं. कुशीवर वळलो तरी ते वळत नव्हतं. एका बाजूने ओढलं, की दुसरी बाजू दारासारखी ताठ उभी राहायची आणि मधून पौष आत यायचा.

"आवं, मले श्वास घेता येऊन नाई राह्यला," अंधारातून आवाज आला.

"सवय लागेल," मी म्हणालो. मलाही येत नव्हता.

सकाळी केतकीचा व्हिडिओ कॉल आला. मी अभिमानाने मोबाईल फिरवून तिला सगळा थाट दाखवला. ती चित्रातून दिसेनाशीच झाली. नुसतं हसणं ऐकू येत होतं. जरा वेळाने परत आली.

"बाबा, तुम्ही रजईवर झोपलात. आणि गादी पांघरली."

मी चष्मा लावून जाहिरात पुन्हा उघडली. १९० बाय २१० हे पांघरुणाचं माप होतं. गादीचं त्याच्या खालच्या ओळीत होतं, १४० बाय २१०. रुंदी साडेचार फूट आणि वर जेमतेम एक इंच. म्हणजे जपानी डबल आणि इंग्रजी डबल जवळपास सारखंच निघालं. आणि उघडलेली गादी परत घेणार नाही, असं त्याच्याही खालच्या ओळीत होतं.

सुनंदाने गादी जमिनीवर टाकली, मधोमध झोपून पाहिलं आणि म्हणाली, "बरी हाय. एकाले बरी हाय."

तेव्हापासून गादीवर ती झोपते. मी शेजारी रजईची चार पदरी घडी करून झोपतो. कंबर आता खुर्चीत दुखायची थांबली आहे, कारण ती रात्रीच सगळं दुखून घेते. आठवड्यात मी टेकीला आलो. लाज गिळली आणि पलंग परत मागायला एसटीने रिठदला गेलो.

गजाननने चहा दिला आणि आतल्या खोलीत नेलं. पलंग होता. त्याच्यावर छताला टेकेपर्यंत सोयाबीनची पोती होती.

"हे काय? तुम्ही झोपत नाही याच्यावर?"

"तुमीच तं सांगतलं ना भाऊजी, पलंगानं मणके सरकतात. आमच्या घरातल्या घाबरल्या. म्या म्हटलं, मालाले ओल लागत नाई खालून, असू दे."

"पण मला तो परत पाहिजे, गजानन."

"नेजा की. तुमचाच हाय तो," तो अगदी प्रेमाने म्हणाला. "फक्त सोयाबीनचा भाव वाढू द्या. आत्ताच्या भावात म्या एक पोतं नाई इकत."

आता रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी बाजार समितीत जातो आणि सोयाबीनचा भाव विचारतो. पन्नास रुपये चढला की माझा चेहरा फुलतो, उतरला की पडतो. लोकांचा समज झाला आहे, की माझ्याकडे शेकडो क्विंटल माल दाबून ठेवलेला आहे. परवा एक व्यापारी आदराने बाजूला घेऊन विचारत होता, "शेठ, तुमचा अंदाज काय? अजून किती दिवस थांबायचं?"

मी म्हणालो, "माझी कंबर म्हणते, आजच विका."