सुमतीताईंच्या फोनची बॅटरी

“काकू, काल फिर बंद पडला!” मृणालनं फोन माझ्या काउंटरवर जवळजवळ आपटलाच. “आणि आई स्वयंपाकघरात पडलेल्या. शेजारणीनं साखरपाणी पाजलं म्हणून, नाहीतर…”

आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात, फूलबागेजवळ, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. हे काम मला कुणी शिकवलं नाही, उघडून-बिघडवून शिकले. बॅटरी टिकत नाही, ही तक्रार रोजचीच. पण हा फोन वेगळा होता. मृणालच्या सासूबाईंना, सुमतीताईंना, इन्सुलिनवाला मधुमेह. दंडावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवलेला. तो साखर मोजतो आणि ब्लूटूथनं, म्हणजे बिनतारेनं, जवळच्या फोनला कळवतो. साखर घसरली की फोन ओरडतो, आणि नेटवरून सिटी सेंटरला बँकेत बसलेल्या मृणालचाही ओरडतो. त्यासाठीच तर हा नवा फोन घेतलेला. ताई दिवसभर घरी एकट्या. फोनच मेला तर कळणार कुणाला?

“मागच्या वेळी तुम्ही सेटिंग केली होती ना?”

केली होती. ब्राइटनेस उतरवला, फालतू अ‍ॅप बंद केले. बॅटरीही तपासली, चांगली निघाली. आता बॅटरी कुणी किती खाल्ली ते उघडून बघितलं. स्क्रीननं थोडी, सेन्सरच्या अ‍ॅपनं त्याहूनही कमी. बाकी सगळी नेटवर्कनं. त्याचं असं असतं बघा, टॉवर सापडेना की फोन जोर लावून हाका मारत सुटतो आणि त्यातच दमतो.

“तुमच्या घरी नेटवर्क येत नाही?”

“एकदम फुल येतं, काकू.”

“ताई आत्ता काय करतायत?”

“पूजा. एकट्याच आहेत.”

“आणि फोन इथं!” मी शटर ओढलं. “चल.”

ताई सोवळ्यात देवापुढे बसलेल्या. मला बघून तिथूनच म्हणाल्या, “या. मला शिवू नका हं. मृणाल, फोन त्या डब्यात टाक आणि झाकण लाव घट्ट.”

“कुठल्या डब्यात?” मृणालला काही ठाऊकच नव्हतं. पूजेच्या आधीच ती बँकेत निघते, आज रजा टाकलेली म्हणून घरी, आणि सुट्टीच्या दिवशी फोन तिच्याजवळ असतो.

देवघराच्या दाराशी स्टीलचा डबा होता. “चामड्याचं कव्हर आहे ना त्याला,” ताई म्हणाल्या. “सोवळ्यात चालत नाही. म्हणून पूजा-स्वयंपाक होईपर्यंत डब्यात. जवळच तर असतो!”

आत्ता उलगडलं. धातूच्या बंद डब्यात टॉवर पोचत नाही, तिथं सेन्सरचा बारीक आवाज काय पोचणार? म्हणजे बॅटरी भरलेली असती तरी फोन गप्पच राहिला असता.

“म्हणून माझ्या फोनवर ‘सेन्सर मिळत नाही’ची घंटी सारखी वाजायची!” मृणाल म्हणाली. “मी तर बंदच करून टाकली ती.”

तेवढ्यात माझ्या हातातला फोन किंचाळला. स्क्रीनवर साखर कमी, आणि ती कुठं चालली ते दाखवणारा बाण खाली. ताईंच्या हातातलं निरांजन थरथरत होतं.

“आई, पहले साखर खा!”

“नैवेद्य व्हायचाय.”

“आई!”

“ओरडू नकोस देवासमोर.”

आम्ही दोघी ओवळ्या, उंबऱ्याबाहेर. समोर दूधसाखरेची वाटी, आणि हट्टी बाई. मी म्हटलं, “ताई, नैवेद्य आत्ता दाखवा, आरती मागून करा. देव काही घड्याळ लावून बसलेला नाही. आणि दाखवलात की प्रसाद तुम्हीच घ्या, लगेच.”

त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं. मग वाटीभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले आणि वाटी तोंडाला लावली.

आम्ही फोनकडे बघत उभ्या. बाण खालीच. मृणालनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगड्या रुतल्या. मग बाण आडवा झाला. मग हळूहळू वर वळला. ताईंचा आवाज आला, “आता आरती करू का, की त्यालाही फोनची परवानगी हवी?”

पूजा आटोपल्यावर मी विचारलं, “सोवळ्याला रेशीम चालतं ना?”

“चालतं की.”

चामड्याचं कव्हर काढून टाकलं. ताईंनी जुन्या पीतांबराच्या तुकड्याची थैली शिवली. फोन आता त्यात घालून देवघरात खुंटीला असतो, रेशमातून सगळं आरपार पोचतं. ती घंटीही मी परत चालू केली. बॅटरी रात्रीपर्यंत पुरते.

हल्ली बॅटरीची तक्रार आली की मी सेटिंग नंतर उघडते. आधी विचारते, फोन दिवसभर राहतो कुठं? गिऱ्हाइकं चिडतात, म्हणतात, खराब फोन आहे, चौकशी आमची का? चिडू देत.