दार नसलेल्या घराची किल्ली

ज्या घराला दार नव्हतं, त्या घराची किल्ली मी आबांच्या हातात दिली. दार सोडा, भिंतीही नव्हत्या. नवव्या मजल्यावरच्या त्या जागेत तेव्हा फक्त जळगावची गरम हवा होती. इमारत पाचव्या स्लॅबवर अडलेली, फ्लॅट घेणारे चिडलेले, म्हणून आमच्या बिल्डर मालकांनी किल्ली-समारंभ ठरवला. थर्माकोलची एक मोठी किल्ली पुरे होती. पण साइट इंजिनिअरला, म्हणजे मला, डोकं चालवायची हौस. मी हार्डवेअरच्या दुकानातून खरी कुलुपं आणली, किल्ल्या वाटल्या आणि कुलुपं टेबलाच्या खणात टाकली.

बाकीच्यांनी आपापल्या किल्ल्या कुठे टाकल्या, देव जाणे. आबांनी करदोट्याला बांधली. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला हा अमळनेरकडचा माणूस. रोज सकाळी साइटवर यायचे, मान वर करून बोटाने स्लॅब मोजायचे, मग आभाळात नवव्या मजल्याच्या अंदाजाने बोट थांबवायचे आणि मला म्हणायचे, "इंजिनेर, गाडी फलाटले लागनी नही, नि तू घंटी मारी टाकी."

नोकरीभर बदल्या. पाचोरा, साक्री, शिरपूर, सगळीकडे भाड्याची खोली आणि घरमालकाची एकच अट: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे लग्नाचा फोटो, आईबापाच्या तसबिरी, सगळा संसार पिशवीत. त्यांच्या बायकोला, आक्कांना, आता चार पावलांत धाप लागायची. आबा म्हणायचे, "तिले एक खिया ठोकाना शे, स्वतःनी भितले. मंग मी मोकया."

अशा माणसाची घाई असताना मी सहाव्या स्लॅबची तारीख होळीच्या आठवड्यात धरली. आमचे मजूर सातपुड्याकडचे पावरा आदिवासी. फळ्यावरची तारीख वाचून आबा हसले. "होळीले पावरा मानूस थांबस का रे? मी त्याच लाइनले व्हतू. होळीना आगोदर गाडी तथा भरीसन जाये, नि रिकामी वापस येये."

मी त्यांना संगणकावरचा रंगीत तक्ता दाखवला. त्यांनी तो नीट पाहिला. "तुना कागदले होळी माहीत नही."

होळीआधी त्यांचा भोंगऱ्याचा बाजार भरतो, त्यालाच साइट रिकामी झाली. होळी होऊन पंधरा दिवस झाले तरी कोणी परतेना, तेव्हा मी आबांना घेऊन एसटीने निघालो. मजुरांच्या पाड्यावर आबांना खाट मिळाली, पाणी मिळालं. मला कोणी ओळखही दाखवली नाही. मुकादम आबांशेजारी बसून माझ्याशी बोलला. "साहेब, तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमची बायकापोरं भाजतात. टँकर एक दिवसाआड. शेड बदला, मग येतो." शेडची तोंडं पश्चिमेला करण्याची अक्कल माझीच होती. मी लगेच शब्द दिला. शब्द द्यायला मला कधी वेळ लागत नाही.

परतीच्या गाडीत आबा म्हणाले, "मी तठे बठ्ठा लोकेस्ले सांगं, हाऊ पोऱ्या शब्दना पक्का शे. आते माले खोटा पाडू नको."

पाडलं. मालक म्हणाले, बघू. मीही बघत राहिलो. आबांच्या भरवशावर निम्मे मजूर आले, त्याच शेडमध्ये भाजले आणि मे महिन्यात निघून गेले. जाताना मुकादम आबांच्या पाया पडला. त्यानंतर आबांनी मला घंटीचं कधी ऐकवलं नाही. यायचे, मोजायचे, करदोट्याची किल्ली चाचपायचे आणि परत जायचे. ते बोलायचे तेव्हाच बरं होतं.

दिवाळीनंतर दुसऱ्या पाड्यावरचे मजूर आले; सातवा स्लॅब भरला त्या आठवड्यात आबा गेले, भाड्याच्याच खोलीत.

तेराव्यानंतर आक्का साइटवर आल्या. मी खुर्ची दिली. धाप ओसरेपर्यंत त्या टेबलाची कड धरून बसल्या. मग किल्ली टेबलावर ठेवली. मी विचारलं, आबांचा फोटो केला का.

"कया. पिशवीमा शे," त्या म्हणाल्या. "घरमालक खिया ठोकू देस नही."

माझ्या खणात त्या किल्लीचं कुलूप होतं. ते काढावं की नाही, सुचेना. काहीतरी धीर द्यायचा म्हणून मी म्हणालो, "आक्का, काळजी करू नका. या होळीला तुमचा नववा स्लॅब भरूनच दाखवतो."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "होळीले मजूर घर जातस, भाऊ. मना मानूस सांगी सांगी मरी गया, नि तुले आजून समजनं नही."