त्यांच्या वाटची भीती

"त्यांना भिता येत नाही, म्हणून त्यांच्या वाटची मी भिते," असं आत्या नेहमी म्हणायची. 'ते' म्हणजे तिच्या टाकीतले जिवाणू.

आमच्या कारखान्यात तेलापासून गाड्यांचं इंधन व्हायचं आणि तळाशी तपकिरी, चिकट गाळ उरायचा. पूर्वी तो जाळून टाकत. आता आत्याच्या टाकीतले जिवाणू तो खायचे आणि त्यातून प्लास्टिकला लागणारं रसायन तयार व्हायचं. टाकीची एक नळी पाण्याच्या बरणीत सोडली होती. बरणीत बुडबुडे आले की समजायचं, मंडळी जेवताहेत. पाळण्यात डोकावावं तशी आत्या येता-जाता त्या बरणीत डोकावायची.

इंधन करताना वापरलेलं स्पिरिट कधीकधी गाळात राहून जातं. ते तापवून उडवलं नाही, तर जिवाणूंना विषच. म्हणून आत्या गाळाचं प्रत्येक पिंप टाकीत सोडण्याआधी हुंगायची. त्या दिवशी सर्दीनं तिचं नाक चोंदलं होतं. पण "पुन्हा टाकी मेली तर बाई, तुम्ही घरी," असं साहेबांनी बजावलेलं. वास येत नाही हे सांगायची तिची छाती झाली नाही. तिनं दिराला बोलावलं. तो तिथलाच फिटर.

"भावजी, जरा हुंगून सांगा."

"गुलाबपाणी आहे वहिनी! सोडा बिनधास्त."

तिनं झडप उघडली. जन्मभर यंत्रं पुसायच्या थिनरच्या वासात वावरलेल्या नाकाला काय कळणार, हे तिला नंतर सुचलं.

दुपारी बुडबुडे विरळ झाले, मग थांबले. आत्यानं झडप बंद केली आणि टाकीला कान लावला.

"बोला ना रे..."

दीर पुढे झाला. "वहिनी, माझ्यावर ढकला."

"तुमच्यावर ढकलून ते जगणार आहेत का?"

मी तिथं पिंपं उतरवायचो. मी हळूच म्हणालो, "आत्या, गप्प बस. आपोआप मेले म्हणू."

"आणि ती?" तिनं बोट दाखवलं. त्याच खेपेतली बाकीची पिंपं शेजारच्या टाकीपाशी लागली होती. पुढच्या पाळीत ती ओतली जाणार होती, आणि साहेबांच्या हुकमाशिवाय त्यांना कुणी हात लावू देणार नव्हतं.

तिनं फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले.

"फार भीती वाटतेय रे," म्हणाली, आणि कठडा धरत धरत साहेबांच्या खोलीकडे निघाली. दीर आणि मी बघत राहिलो. आमच्या मागं बरणीतलं पाणी हललं नाही.